लोकरवाले सर आणि आमची पाटलीण

आमच्या घरात फुलं वडिलांची आणि कोंबड्या आईच्या, अशी वाटणी होती. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला आमची थोड्या घरांची वस्ती. वडील दुसऱ्याच्या रानात वाट्याने झेंडू आणि शेवंती करायचे. फुलांचं काय, दसऱ्याला तोरा, आणि दसरा सरला की टोपलीभर बाजारात न्यायची आणि अर्धी तिथंच ओतून यायची. घर चालायचं ते कोंबड्यांवर. तेल, साबण, चहा-साखर, आजीच्या गोळ्या, माझा बसचा पास, सगळं अंड्यांतून निघायचं. माझं शिक्षण गावरान कोंबड्यांनी केलं, हे मी कुणी विचारलं तर सांगते, आणि नाही विचारलं तरी सांगते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोंबड्या मरायला लागल्या.

कोंबड्या मरणं आम्हाला नवं नव्हतं. मानमोडी आली की माना वाकड्या होतात आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हे तसं नव्हतं. पिल्लं चांगली वाढायची. तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या, दिसायला लागल्या की आई खूश व्हायची, आणि नेमका तेव्हाच एकेकीचा तुरा फिका पडायचा. छातीचं हाड सुरीसारखं वर यायचं, पोट मात्र भरल्यासारखं लोंबायचं. आता अंडं देईल, मग देईल, म्हणता म्हणता एक दिवस खुराड्याच्या कोपऱ्यात पाय ताठ. आज एक गेली, मग काही दिवस शांत, मग दुसरी. मानमोडीची लस टोचून झाली. हळद झाली, लसूण झाला. आजीने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्याने आम्ही सगळे खोकलो, कोंबड्या काही वाचल्या नाहीत.

मग तेच शेजारच्या घरात सुरू झालं. मग त्याच्या पलीकडच्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे खायची अंडी विकतात, पण बसवायची अंडी विकत नाहीत. खुडूक कोंबडीखाली पिल्लांसाठी जी ठेवायची, ती ओंजळभर दाण्यांच्या बदल्यात देतात, आणि ज्या घरच्या कोंबड्या टिकतात त्याच घरून नेतात. वस्तीत ते घर आमचं होतं, कारण आमच्याकडे पाटलीण होती. पाटलीण ही आईची सगळ्यात जुनी कोंबडी. तांबडी, मानेला सोनेरी झाक, दोन मानमोड्या पचवून उभी राहिलेली. बाकीच्या पटापट मेल्या तरी ही अंडं देऊन उकिरड्यावर अशी चालायची, जशी काही रान तिच्याच बापाचं आहे.

"जी जगली तिचंच बी धरावं," आई म्हणायची. तिच्या आईनेही तेच केलं होतं. म्हणून खुराडं रिकामं झालं की आई पाटलिणीची अंडी बसवायची, आणि वस्तीतल्या बायकाही ओंजळीत बाजरी घेऊन पाटलिणीचीच अंडी मागायला यायच्या.

आता तलंगा घरोघर मरायला लागल्यावर बोट कुणाकडे तरी वळणारच. ते माझ्याकडे वळलं. माझ्या चुलतीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून; माझ्या आईला ती आक्का म्हणते. मी मोठ्या कौतुकाने काकूला एकदा सांगितलं होतं की आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतो. ते तिने बरोबर जपून ठेवलं होतं.

"किटाणू पाळती ही कॉलेजात," काकू ओट्यावर बसून, सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाली. "बशीत पाळती, बशीत! त्येच हाताला लागून येतं नं घरी. आदी आक्काच्या कोंबड्या, मंग माह्या. पोरगी शिकती का कोंबड्या मारती?"

मी भांडायला उठले. आईने हात धरून बसवलं. वडील फारसं बोलणारे नाहीत. जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, "लोकं बोलत्यात त्याला उत्तर असंल तर दे. नसंल तर यंदाची परीक्षा दे आन् घरी बस."

घरी बस म्हणजे काय, ते आमच्याकडे फोड करून सांगावं लागत नाही.

आईने मध्ये पडून एक वर्ष मागून घेतलं. अशा मनाने मी शेवटच्या वर्षात गेले, आणि तिथे मला लोकरवाले सर भेटले.

सरांचं खरं नाव कॉलेजात कुणी घेत नसे. विषाणूंचा पेपर ते शिकवायचे. उंच, मिशाळ, आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपेतून जागा व्हावा. आणि हा माणूस विणायचा. सिटी बसमध्ये विणायचा, स्टाफरूममध्ये विणायचा, आम्ही प्रॅक्टिकल करत असू तेव्हा स्टुलावर बसून विणायचा. नाशिक रोडहून बस पकडायचे, आणि कंडक्टरही त्यांना म्हणे, "सर, सुया आत घ्या, पुढं ब्रेकर हाय."

एकाने धीर करून विचारलं, "सर, विणायला कुणाकडून शिकलात?"

"बायकोकडून. तिला कंटाळा आला, सुया पडून होत्या."

झालं. यापेक्षा जास्त माहिती त्यांनी कधी दिली नाही.

सगळ्यांना अहो-जाहो करायचे. प्यूनला, आम्हाला, कँटीनच्या पोराला, आणि चिडले तर जास्तच. "अहो, आपण महामूर्ख आहात," असं ते एकदा एका मुलाला म्हणाले आणि त्याला दोन दिवस कळेना की अपमान झाला की मान मिळाला. विषाणूला कुणी हुशार म्हटलेलं त्यांना खपत नसे. कोरोनानंतर ज्याला त्याला विषाणूंतलं सगळं कळतं असं वाटायचं, आणि पोरं लिहायची, 'विषाणू हा अत्यंत चतुर असतो.' सर ते वाक्य खोडायचे. "चतुर? त्याला डोकं कुठंय? विषाणू चतुर नसतो हो. पेशी आज्ञाधारक असते. तिला लिहिलेलं दिसलं की ती वाचते आणि करते. आपल्यासारखीच."

पण त्यांचं सगळ्यात विचित्र म्हणजे हजेरी. नंबर पुकारल्यावर 'हजर' म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"हजर आहात ते दिसतंय मला. काय कळलं नाही ते सांगा."

रोज प्रत्येकाने आपल्याला न कळलेली एक गोष्ट सांगायची. ती सांगितली तर हजेरी, नाहीतर तुम्ही पहिल्या बाकावर बसलेले असलात तरी गैरहजर. शहरातली पोरं आदल्या दिवशीच्या धड्यातलं काहीतरी फेकून मोकळी व्हायची. मला ते जमेना. जिच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नाही, ती मुलगी वर्गात 'मला कळलं नाही' असं तोंडाने म्हणत नाही. ती पाठ करते. मी ओळीने गैरहजर पडत गेले, रोज सरांच्या नाकासमोर बसून.

एक दिवस सकाळीच घरी आणखी एक तलंग मेली होती. काकूचं बोलणं कानात घेऊनच मी बसमध्ये चढले होते. सरांनी माझा नंबर पुकारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आमच्या कोंबड्या बरोबर अंड्यावर आल्या की मरतात. लहानपणी मरत नाहीत. ते का, ते मला कळत नाही."

वर्ग हसला. कुणीतरी मागून 'कुकुचकू' केलं.

सरांनी सुया खाली ठेवल्या. त्यांनी सुया ठेवलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

"पोट लोंबतं का?"

"हो सर."

"छातीचं हाड वर येतं? सगळ्या एकदम जात नाहीत, एकेक जाते?"

"हो सर."

"आणि पिल्लं कुणाची?"

मी पाटलिणीचं सांगितलं. सरांनी हजेरीपटाच्या कोपऱ्यात काहीतरी टिपलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "अहो मंडळी, आज हजेरी एकट्या यांचीच. बाकी सगळे गैरहजर." आणि मला म्हणाले, "पुढची मेली की ती इथे आणायची नाही. मला फोन करायचा. मी येतो."

सर खरंच आले. बसने. खांद्याला झोळी, झोळीत हातमोजे, कात्र्या, बाटल्या, आणि लोकरीचा गुंडा. आई गडबडली. काय करावं कळेना म्हणून तिने चहा ठेवला, मग पोहे टाकले, मग सरांना खुर्ची दिली, मग ती पुसायला परत काढून घेतली.

"ताई, मी उभाच बरा," सर म्हणाले. आणि माझ्या हातात कात्री दिली. "तुम्ही कापा. कोंबडी तुमची आहे."

परसात पत्र्यावर मी कोंबडी उघडली. काकू भिंतीवरून बघत होती, नाकाला पदर लावून. पोटात कलेजीशिवाय काही दिसतच नव्हतं. एवढीशी असायची ती सगळं पोट व्यापून बसली होती, आणि तिच्यावर राखाडी-पांढऱ्या गाठी, भिजवलेल्या शाबूसारख्या, काही त्याहून मोठ्या.

"अगं बया," आई म्हणाली. "म्हंजे उपाशी नव्हती मेली. आतून भरली व्हती."

"सर, हे काय आहे?" मी विचारलं.

"मला शंका आहे. शंका म्हणजे माहिती नाही." त्यांनी गाठीचे तुकडे बाटलीत घेतले. मग आईकडे वळले. "ताई, कोणतं अंडं कोणत्या कोंबडीचं ते तुम्हाला ओळखू येतं?"

आईने असं पाहिलं, जसं कुणी तिला विचारलं असावं की तुझी मुलगी कोणती. जिवंत राहिलेल्या प्रत्येक कोंबडीचं अंडं तिने वेगळं काढून दिलं. सरांनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. पाटलिणीच्या अंड्यावर 'पा' लिहिलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात एका विषाणूचं प्रथिन सापडतं का, ते बघायचं होतं. सरांचा एक जुना विद्यार्थी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे सगळं गेलं.

उत्तर यायला वेळ होता. त्या मधल्या दिवसांत सरांनी तो तास घेतला, ज्यासाठी ते वर्षभर विणत असत हे आम्हाला तेव्हा कळलं.

टेबलावर त्यांनी पांढऱ्या लोकरीचा एक लांब पट्टा पसरला. "हा पेशीचा डीएनए. घरातली मूळ प्रत. ही कपाटाबाहेर येत नाही. काम पडलं की हिच्यावरून चिठ्ठी निघते, तो आरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिन बनतं. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. कारभार एका दिशेने." फळ्यावर त्यांनी डावीकडून उजवीकडे बाण काढला. "आता एक पाहुणा येतो. त्याच्याकडे फक्त चिठ्ठी असते, आरएनए. पण तो स्वतःचा कारकून घेऊन येतो. हा कारकून चिठ्ठीवरून मूळ प्रत तयार करतो. उलट!" आणि त्यांनी बाण एवढ्या जोरात उलटा ओढला की खडू मोडला. "म्हणून हा रेट्रोव्हायरस. दुसरा कारकून पेशीचा डीएनए कापतो आणि ही प्रत मध्ये शिवून टाकतो."

दुसरा पट्टा काढला. पांढराच, पण मधल्या ओळींत लाल धागा विणलेला.

"आता पेशीला विचारा, हा कोण? ती म्हणते, माझ्या कपाटात आहे म्हणजे माझाच. ती तो वाचते. त्याच्या चिठ्ठ्या काढते, त्याची प्रथिनं बनवते. नवे विषाणू तिच्याच कातडीचा तुकडा पांघरून बाहेर पडतात. पेशी मरतही नाही. आणि एकीच्या दोन पेशी झाल्या तर?"

"दोघींत लाल धागा," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे घरजावई, सर," मागून एकजण.

"सर, घरजावई निदान म्हशीला पाणी तरी पाजतो," एका मुलीने सांगितलं, आणि सर इतके हसले की डोळे पुसले.

मग त्यांनी लाल धाग्यावर बोट ठेवलं. "हा शिवणारा जागा बघून शिवत नाही. बहुतेक वेळा कुठेतरी पडतो आणि काही बिघडत नाही. पण एखाद्या वेळी तो वाढीच्या जीनशेजारी पडतो. विषाणूच्या टोकाला स्वतःचं एक बटण असतं, कायम चालू. त्याने शेजारचा जीनही चालू होतो आणि थांबायचं विसरतो. पेशी वाढत सुटते. ती गाठ. काही विषाणू तर निघताना पेशीचा वाढीचा जीनच उचलून नेतात, आणि ज्या पेशीत जातील तिथे लगेच आग लावतात. विषाणूने गाठ होते हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, एका कोंबडीच्या गाठीवरून." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण त्यांनी लाल धाग्याचा पट्टा आणि कात्री माझ्यापुढे ठेवली. "लाल धागा काढून दाखवा. पट्टा राहिला पाहिजे."

मी प्रयत्न केला. एक टोक कापलं, ओढलं, वरच्या ओळी सुटायला लागल्या. सोडला.

"येत नाही सर."

"नाहीच येत. एकदा विणला गेला की काढता येत नाही. म्हणून तो विणला जाऊ द्यायचा नाही. कोंबड्यांपुरतं तरी एवढंच औषध आहे."

उत्तर आलं. गाठी सरांना शंका होती त्याच रोगाच्या, कोंबड्यांच्या रेट्रोव्हायरसच्या. आणि 'पा' लिहिलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात विषाणूचं प्रथिन भरपूर.

मी सरांना म्हणाले, असं कसं? पाटलीण तर सगळ्यांत धडधाकट आहे. सर म्हणाले, "लाल धागा असलेल्या प्रत्येकीला गाठ होतेच असं नाही. हिला झाली नाही. ती जगली, आणि अंड्यातून देत राहिली. ज्या पिल्लाला अंड्यातच तो मिळतो, त्याचं अंग त्याला परका मानत नाही, लढतच नाही. अंड्यावर यायच्या वयापर्यंत गाठ तयार. मानमोडीत जी जगली तिचं बी धरणं शहाणपणाचं होतं. तुमच्या आईचं चुकलं नाही. रोग बदलला."

आईला हे समजावताना मी एक वाक्य जास्त बोलले, की हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू आहे. काकूचा मुलगा दाराशी गाडी पुसत होता. दिवस मावळायच्या आत वस्तीच्या ग्रुपवर आलं: कोंबड्यांना एड्स झालाय, अंडी खाऊ नका.

हा माणसाला होत नाही असं सर सांगतात, हे मी घरोघर सांगून आले, तरी दुसऱ्या दिवसापासून आमची खायची अंडीही कुणी घेईना. आधी मी जंतू आणत होते, आता एड्स आणला. वडील म्हणाले, "हे उत्तर हाय व्हय तुझं?"

मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मला हे उत्तर सगळ्यांसमोर द्यायचंय. तुम्ही या. पण बोलेन मी."

"मग मी कशाला?"

"तुम्ही विणत बसा."

रविवारी आमच्या अंगणात वस्ती जमली. सर खाटेवर बसले आणि खरोखरच विणायला लागले. अर्ध्या बायका माझ्याकडे बघायच्या सोडून त्यांच्या सुयांकडे बघत होत्या.

काकूने सुरुवात केली. "सर, तुमी म्हंता माणसाला व्हत नाय. मंग हे उकडलेलं अंडं खाऊन दाखवा."

"मी शाकाहारी आहे."

अंगणात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आता बोला! सोता खात नायत आन् आमाला खा म्हंत्यात."

आई पुढे आली, "नका सर, तुमचा नेम नका मोडू."

"मोडणारच नाही ताई. मी खाल्लं तर ते नाटक होईल. मी उद्या जिवंत दिसलो, एवढंच त्यातून सिद्ध होईल. पुरावा वेगळा असतो." आणि माझ्याकडे हात केला.

मी सांगितलं. विषाणू पेशीत शिरायला दार लागतं, आणि ह्याची किल्ली कोंबडीच्या कुलपाची आहे, माणसाच्या नाही. कूळ एक म्हणून गुण एक नसतात. "काकू, तू आणि मी एकाच कुळातल्या, तरी तुझं तोंड मला कुठं आलंय?" यावर काकूचा नवरासुद्धा हसला. मग आईने भुर्जी केली आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी ती सगळ्यांसमोर खाल्ली. आम्ही नाटक करत नव्हतो, जेवायची वेळच झाली होती.

मग मी लाल धाग्याचा पट्टा काकूच्या हातात दिला. "हा धागा काढून दाखव. बाकी उसवू द्यायचं नाही."

काकू शिवणकाम करणारी. तिने तो गांभीर्याने घेतला. उलटा केला, नखाने टोक शोधलं, दाताने तोडलं, ओढलं. सगळे वाकून बघत होते. काकूच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा मधीच घेतलाय. हा काढायचा तर समदं उसवावं लागंल."

"मग?"

काकूने पट्टा मांडीवर सरळ केला. मग तिने मान वर केली. "म्हंजे समदं बीच बदलायचं?"

 मला हेच म्हणायचं होतं, आणि ते तिने म्हणायला हवं होतं. मी सांगितलं, हो, आणि सगळ्यांनी एकाच वेळी बदलायचं. या कोंबड्या खा, खाटकाला द्या, पण यांची अंडी बसवायची नाहीत. खुराडी खरवडून, चुना मारून, उन्हात रिकामी ठेवायची. एकाही घराने एक जरी जुनी ठेवली तरी सगळं वाया, कारण आपल्या कोंबड्यांना बांध कळत नाही.

"आन् नवीन अंडी?"

"तपासलेल्या कोंबड्यांची. ती आणायची माझी जबाबदारी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू उठली. "माही काय ना नाय. पण आदी आक्काची पाटलीण जाऊ दे. मंग आमच्या."

सगळं अंगण आईकडे वळलं. माझं कॉलेज, आमचं नाव, सगळं त्या तांबड्या कोंबडीवर येऊन थांबलं होतं. आणि मला माहीत होतं की आई तिला कापणार नाही. दोन मानमोड्यांत आईला तिनेच धीर दिला होता.

आई आत गेली. पाटलिणीला काखेत घेऊन बाहेर आली. "हिला कापणार नाय," ती म्हणाली. "पण ठिवणार बी नाय. ह्याच्यात तिचा काय दोष? तिला म्हाईतबी नाय ती काय देती ते." आणि मग आवाज बारीक करून सरांना, "सर, आशी जागा नाय का कुठं, जिथं दुसरी कोंबडीच नाय?"

सरांनी सुया झोळीत टाकल्या. 

"आहे. नाशिक रोडला. तिसऱ्या मजल्यावर. माझी गॅलरी."

आणि त्या जन्मभराच्या शाकाहारी माणसाने लोकर एका कप्प्यात, पाटलीण दुसऱ्यात, अशी झोळी खांद्याला लावली आणि बस पकडली. कंडक्टरने तिकीट कुणाचं घ्यायचं विचारलं, तर सर म्हणाले म्हणे, "दोघांचं घ्या. ह्या माझ्या सहकारी आहेत."

पाटलीण त्या गॅलरीत सुखाने राहिली. सोसायटीचे सेक्रेटरी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते तक्रार घेऊन आले. सरांनी त्यांना बसवून सगळा विषाणू समजावला, आणि वर सांगितलं की तो उलटा कारकून कॉपी करताना फार चुका करतो, म्हणून विषाणू सारखा बदलत जातो.

"चुका?" सेक्रेटरी म्हणाले. "आमच्याकडे एक नोट चुकली तर हिशेब द्यावा लागायचा."

"तुमच्याकडे तो पहिल्याच दिवशी सस्पेंड झाला असता," सर म्हणाले. तेव्हापासून तिची अंडी सोसायटीचा वॉचमन खायचा आणि सेक्रेटरी तिला भाजीचे देठ आणून द्यायचे.

वस्तीची खुराडी रिकामी झाली. इतकी शांत सकाळ आम्ही कधी ऐकली नव्हती. उन्हात चुना वाळत पडला होता आणि बायका सवयीने दाणे घेऊन अंगणात यायच्या, परत जायच्या. सरांच्या ओळखीने तपासलेल्या गावरान कळपाची अंडी मिळाली. पण ती उबवायची कुठे? खुडूक कोंबडी तर एकही उरली नव्हती. सरांनी आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेतली एक उबवणपेटी मोकळी करून घेतली. वर्गातल्या पोरांनी पाळ्या लावून अंडी फिरवली. कुकुचकू करणाऱ्यानेही. आणि एक दिवस सर हजेरी घेत असताना आतून चिवचिव ऐकू आली. सरांनी पुढचा नंबर पुकारलाच नाही.

पिल्लं टोपलीत घालून मी बसने घरी नेली. काकू वाटेतच उभी होती. टोपलीत डोकावून म्हणाली, "कॉलेजातून आणलीस?"

"कॉलेजातून आणली."

 तिने तिच्या वाटची पिल्लं ओच्यात घेतली.

सर आता निवृत्त झालेत. पाटलीण त्यांच्या गॅलरीतच म्हातारी होऊन मेली, गाठ न होता. मी भेटायला जाते तेव्हा ते अजूनही दार उघडून आधी विचारतात, "काय कळलं नाही ते सांगा." मी सांगते. दर वेळी काहीतरी असतंच.

त्या पिल्लांच्या तलंगा झाल्या. तुरे लाल राहिले. त्यांच्या अंड्यांचा बलक तपासायला पाठवला, तो स्वच्छ निघाला. काकू ओंजळीत बाजरी घेऊन आमच्या दारात आली आणि म्हणाली, "आक्का, बसवायला दे थोडी." आईने निवडून दिली. वडिलांनी मला घरी बस असं पुन्हा कधी म्हटलं नाही. मी बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. आज मी कोंबड्यांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करते, अंड्यांचे बलक तपासते. आणि कालव्याकडेच्या आमच्या वस्तीत तेव्हापासून त्या रोगाने एकही तलंग मेलेली नाही.